'मग काम काहून नाही करून राहिल्या?'

गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की काही दिवसांनी हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो. सर्जन त्यात मार्जिन बघतात (कापलेल्या कडेला कॅन्सर उरला का ते), गाठ किती मिलिमीटर खोल गेली ते बघतात, मानेतल्या किती लिम्फ नोड्समध्ये कॅन्सर सापडला ते बघतात. नातेवाईक थेट शेवटच्या पानावर जाऊन स्टेज शोधतात. या सगळ्याच्या मधोमध एक ओळ असते: 'होस्ट लिम्फोसायटिक रिस्पॉन्स: मॉडरेट'. कधी 'स्पार्स', कधी 'डेन्स'. म्हणजे गाठीभोवती शरीराच्या प्रतिकारपेशी किती जमल्या: मध्यम, विरळ की दाट. या ओळीबद्दल मला फारसं कोणी काही विचारत नाही.

मध्यंतरी वणीकडच्या एका मुलीने फोन करून विचारलं. "मॅडम, यात इन्फ्लमेटरी सेल्स म्हणून लिहून आहे. बाबाच्या तोंडात इन्फेक्शन होऊन राहिलं का? अँटिबायोटिक चालू करायचं का?" मी म्हटलं, इन्फेक्शन नाही गं, त्या तुझ्या बाबांच्याच पेशी आहेत, कॅन्सरवर चालून आलेल्या. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "मग आल्या आहेत तर काम काहून नाही करून राहिल्या?"

या प्रश्नामागे जगभरच्या प्रयोगशाळा काही दशकं लागल्या आहेत, आणि त्यातून निघालेल्या उत्तरांना दोन नोबेल पारितोषिकं मिळून झाली आहेत. फोनवर मी तिला दोन मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं. इथे जरा ऐसपैस सांगते.

मी नागपूरला पॅथॉलॉजिस्ट आहे. धंतोलीतल्या एका लॅबमध्ये बसते. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, भंडारा, कधी कधी छिंदवाडा-बैतूलहूनही नमुने येतात आणि त्यांतला मोठा वाटा तोंडाच्या कॅन्सरचा असतो. देशातल्या पुरुषांमध्ये हा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे, आणि आमच्याकडे तर खर्रा आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात, आणि मग तो बकाणा गालात दाबून तासन् तास ठेवतात. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. खर्रा पानठेल्यावर डोळ्यांसमोर घोटून मिळतो. त्याला ना पाकीट, ना पाकिटावरचा सडलेल्या तोंडाचा फोटो. जिथे तो दाबून ठेवतात, त्या गाल आणि खालची हिरडी यांमधल्या खोबणीतच बहुतेक गाठी उगवतात. डोकं-मानेचे कॅन्सर म्हटलं की जीभ, घसा, स्वरयंत्र, नाकाच्या पोकळ्या असं बरंच काही येतं, पण माझ्या टेबलावर राज्य गालाचं.

आता स्लाइडबद्दल. जबड्याचा काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये येतो. त्याचे काप घेऊन मेणाचे ब्लॉक करतात, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापतात आणि त्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवतात. निळा आणि गुलाबी, एवढे दोनच रंग. कॅन्सरच्या पेशी मोठ्या, गुलाबी, पुंजक्यापुंजक्यांनी आत घुसलेल्या. पुंजक्यांच्या मध्ये केराटिनचे, म्हणजे नखा-केसांतल्या कडक प्रथिनाचे, गोल थर. आणि त्यांच्याभोवती निळे ठिपके. हे ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, रक्तातून आलेल्या प्रतिकारपेशी. पेशी इतकी छोटी की जवळजवळ सगळी जागा केंद्रकानेच व्यापलेली. त्यांच्यात मिसळलेल्या इतर जातींच्या प्रतिकारपेशी: प्लाझ्मा पेशी, केंद्रक एका कडेला सरकलेलं. जखमेच्या पृष्ठभागावर न्यूट्रोफिलची दाटी. मध्येच नारिंगी दाण्यांनी भरलेले इओसिनोफिल. इओसिनोफिल भरपूर दिसले तर ते चांगलं की वाईट, यावर अभ्यासांचं एकमत नाही. मी नोंद करते आणि पुढे जाते.

मला सगळ्यात गंमत वाटते मॅक्रोफेजची, म्हणजे कचरा गिळणाऱ्या प्रतिकारपेशींची. कॅन्सरच्या पुंजक्यातून केराटिन बाहेर सांडलं की मॅक्रोफेज ते खायला धावतात. घास मोठा असेल तर अनेक जण एकत्र जुळून एकच अवाढव्य, अनेक केंद्रकांची पेशी होते आणि त्या केराटिनला मिठी मारून बसते. शेजारी कॅन्सर हाड पोखरतो आहे आणि हे महाशय त्याचा कचरा उचलत आहेत.

तर पहिली गोष्ट ही, की पेशी आलेल्याच नाहीत असं क्वचितच असतं. कॅन्सरांची जनुकं वाचणाऱ्या अमेरिकेच्या टीसीजीए प्रकल्पातल्या नमुन्यांचं २०१६ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात डोकं-मानेचे कॅन्सर हे प्रतिकारपेशींची सर्वांत जास्त गर्दी असलेल्या कॅन्सरांपैकी निघाले. म्हणजे रोज मला दिसणारी निळी दाटी हा केवळ माझ्या टेबलाचा अनुभव नाही. प्रश्न गर्दीचा नाहीच. रस्त्यावर अपघात झाला की माणसं जमतात, वाकून बघतात, पण हात लावायला कोणी पुढे होत नाही, तसं काहीसं इथे चाललेलं असतं.

काही गाठींत लिम्फोसाइट सरळ पुंजक्याच्या आत शिरलेले दिसतात, कॅन्सरच्या दोन पेशींमध्ये खुपसलेले. अशी स्लाइड आली की मला बरं वाटतं. बऱ्याच गाठींत ते कडेला दाट पट्टा करून उभे असतात; आत एकही नाही. आणि काहींत नुसता गुलाबी तंतूंचा पसारा, निळं जवळजवळ काहीच नाही. न्यूयॉर्कच्या मार्गारेट ब्रँडवाइन-जेन्सलर यांनी २००५ साली तोंडाच्या कॅन्सरसाठी धोक्याची एक मोजणी मांडली. त्यात गाठ कशी घुसते आणि नसांभोवती शिरते का, यांच्या जोडीला कडेवरचा लिम्फोसाइटचा पट्टा अखंड आहे, तुटक आहे की नाहीच, यालाही गुण दिले. पट्टा विरळ असेल तर आजार उलटण्याची शक्यता जास्त. माझ्या रिपोर्टातली ती ओळ तिथून येते. साधी, रंगवलेल्या काचेवर नजरेनेच होणारी नोंद. तिला किट लागत नाही, मशीन लागत नाही, आणि म्हणूनच बहुधा तिला कोणी भाव देत नाही.

पण निळा ठिपका म्हणजे नेमका कोण, हे दोन रंगांत कळत नाही. त्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी लागते, आम्ही आयएचसी म्हणतो: ठरावीक प्रथिन असलेल्या पेशीच तेवढ्या रंगवायच्या. सीडी८ लावलं की मारेकरी टी पेशी, लिम्फोसाइटचीच एक जात, तपकिरी दिसतात. काम करायचं ते मुख्यतः यांनी. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे छोटे तुकडे एचएलए नावाच्या रेणूवर ठेवून बाहेर दाखवत असते. तुकडा परका किंवा बिघडलेला वाटला की सीडी८ पेशी तिला चिकटते, तिच्या आवरणाला भोकं पाडून आत एन्झाइम सोडते, किंवा तिच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरमधून मरणाचा निरोप आत पाठवते.

कॅन्सर या प्रत्येक पायरीवर खोडा घालतो. काही गाठी एचएलए दाखवणंच बंद करतात. अशा पेशींना टिपायला शरीराने एनके पेशी ठेवल्या आहेत, पण गाठीच्या आतल्या वातावरणात त्याही मंदावतात. आणि निरोप पोचला तरी तो पाळायचाच नाही, अशीही सोय कॅन्सरने केलेली असते. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे आणि बंगालात कल्याणीला एनआयबीएमजी ही जनुकसंशोधन संस्था. या दोघांच्या गटाने आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरची जनुकं वाचून २०१३ साली प्रसिद्ध केली. वारंवार बिघडलेल्या जनुकांच्या यादीत सीएएसपी८ होतं. हे जनुक कॅस्पेज-८ बनवतं, आणि टी पेशीने बाहेरून दिलेला मरणाचा निरोप आत पोचवण्याचं काम नेमकं त्याच्याकडे असतं. ते मोडलं की टी पेशी दारात येऊन ओरडली तरी आत ऐकू जात नाही. खर्रा-तंबाखूच्या कॅन्सरला हेच जनुक मोडणं इतकं सोयीचं पडावं, यावरून एक दिसतं: या गाठी वाढताना टी पेशींचा दाब होता, आणि त्यातून ज्या पेशी सुटल्या त्यांची ही गाठ आहे.

मग येतो पीडी-१. तासुकु होन्जो यांच्या क्योतोमधल्या प्रयोगशाळेने १९९२ साली हे जनुक शोधलं. पुढे २०१८चं नोबेल त्यांना आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना विभागून मिळालं. पीडी-१ हा टी पेशीवरचा ब्रेक. तो असायलाच हवा, नाहीतर साध्या सर्दीनंतरही टी पेशी थांबायचं नाव घेणार नाहीत. समोरच्या पेशीवर पीडी-एल१ असेल तर ब्रेक दाबला जातो. कॅन्सर पेशी पीडी-एल१ अंगभर चढवून बसतात. त्यातली खोच अशी की त्यांना ते चढवायला लावतं इंटरफेरॉन-गॅमा, आणि ते सोडतात खुद्द टी पेशी. म्हणजे टी पेशींनी काम सुरू केलं, याच्याच खुणेवर कॅन्सर ब्रेक दाबतो. महिनोन् महिने असं चाललं की त्या पेशी थकतात. स्लाइडवर त्या ताज्या पेशींइतक्याच निळ्या आणि तशाच गोल दिसतात, पण त्यांच्यात दम नसतो.

शिवाय गर्दीतले सगळे आपल्या बाजूचे नसतात. टी पेशींमध्येच एक जात आहे, नियामक टी पेशींची. आयएचसीत फॉक्सपी३ लावलं की त्या ओळखू येतात. बाकीच्यांना आवरायचं हे त्यांचं काम. त्या नसतील तर शरीर स्वतःवरच उठतं. शिमोन साकागुची, मेरी ब्रंकोव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५चं नोबेल याच पेशींच्या शोधासाठी मिळालं. डोकं-मानेच्या गाठींत यांची संख्या चांगलीच असते. मग जास्त नियामक पेशी म्हणजे वाईट, असं सरळ गणित मांडायला जावं, तर २००६ साली पॅरिसच्या एका गटाला उलटच दिसलं: अशा पेशी जास्त असलेल्या रुग्णांत आजार जागच्या जागी जास्त आटोक्यात राहिला. एक समजूत अशी की जिथे मारेकरी पेशी जोरात असतात तिथेच त्यांना आवरणाऱ्याही जमतात. मला ते पटतं, कारण स्लाइडवर या दोन्ही जाती बहुतेक वेळा एकाच दाटीत सापडतात.

मॅक्रोफेजचंही तसंच. कचरा उचलणारे ते महाशय गाठीत रमले की जखम भरायच्या कामाला लागतात. नव्या रक्तवाहिन्यांना बोलावतात, टीजीएफ-बीटा आणि इंटरल्युकिन-१० हे टी पेशींना आवरणारे निरोप सोडतात, स्वतःच पीडी-एल१ चढवतात. थोडक्यात, गाठीची सेवा करतात.

आता सगळ्या नातेवाइकांचा आवडता प्रश्न: "मॅडम, प्रतिकारशक्ती वाढवायला काय देऊ?" गुळवेलीचा काढा, कुठली तरी पावडर, नेटवर्क मार्केटिंगवाल्या भाच्याने आणलेला डबा. कोरोनानंतर तर हे फारच झालं आहे. वर लिहिलेलं वाचलंत तर कळेल की 'वाढवणं' हा इथे प्रश्नच नाही. कोणती पेशी वाढवणार? मारेकरी वाढवताना नियामक वाढल्या तर? आणि वाढलेल्या पेशी कडेला पट्टा करूनच उभ्या राहणार असतील, तर त्या वाढून उपयोग काय? काढ्यावर माझा राग नाही, पण केमोथेरपी सुरू असताना कोणी गुळवेलीचे डोस देऊन लिव्हरची एन्झाइम चढवून घेतली, तर पुढचं सायकल लांबतं. त्यापेक्षा अंडी द्या, डाळ द्या, तोंड उघडत नसेल तर नळीने द्या. उपाशी माणसाच्या टी पेशीही उपाशीच असतात.

खऱ्र्याकडे परत येते, कारण तो नुसता कॅन्सर करून थांबत नाही. त्यातल्या सुपारीमुळे गालाखाली तंतूंचे थर साचतात, तोंड दोन बोटंही उघडत नाही. सबम्युकस फायब्रोसिस. १९५३ साली जोशी नावाच्या भारतीय डॉक्टरांनी टाळू आणि घशाच्या कमानींतल्या या विकाराचं वर्णन करून त्याला हे नाव दिलं. आज पंचविशीतल्या पोरांच्या बायोप्सी येतात. स्लाइडवर पृष्ठभागाच्या खाली काचेसारखा गुळगुळीत गुलाबी पट्टा, त्यात रक्तवाहिन्या आवळलेल्या, मोजक्या. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन टीजीएफ-बीटा वाढवतं आणि तेच तंतू विणायला लावतं. हेच टीजीएफ-बीटा टी पेशींना गाठीबाहेर अडवून धरतं, हे मूत्राशयासारख्या इतर कॅन्सरांत चांगलं दिसून आलं आहे. टी पेशीला गाठीत पोचायचं तर रक्तवाहिनीतूनच यावं लागतं. वाहिन्याच आवळल्या आणि वर तंतूंची भिंत, तर ती येणार कुठून? इतकं सगळं जुळल्यावर फायब्रोसिसवर उगवलेला कॅन्सर जास्त वाईट निघायला हवा, पण काही भारतीय अभ्यासांत तो उलट थोडा सौम्य वागतो असं आलं आहे. मला यावर ठाम बोलता येत नाही आणि बोलणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला टॉन्सिल. पीडी-एल१ची आयएचसी करताना रोज एक नियंत्रण-काच सोबत लावावी लागते, रंग नीट चढला की नाही हे बघायला, आणि ती असते साध्या, निरोगी टॉन्सिलची. टॉन्सिलच्या खोल खाचांमधल्या पेशींवर पीडी-एल१ जन्मतःच भरपूर असतं. अन्न, धूळ, जंतू यांच्याशी तिथे सतत गाठ पडते, तेव्हा उठसूट भडका उडू नये म्हणून शरीराने ती जागा शांत ठेवलेली आहे. एचपीव्ही विषाणू नेमका त्या खाचांत शिरून बसतो आणि त्यातून टॉन्सिल, जिभेचं मूळ इथले कॅन्सर होतात. अमेरिका-युरोपात हे फार, आपल्याकडे त्या मानाने कमी. पण विषाणूची प्रथिनं शरीराला सरळसरळ परकी, त्यामुळे या गाठी टी पेशींनी आणि बी पेशींनी खचाखच भरलेल्या असतात, कधी कधी गाठीच्या कडेला लिम्फ नोडसारखी छोटी केंद्रंच तयार होतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एचपीव्हीचा घशाचा कॅन्सर असलेले ८२.४ टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते. एचपीव्ही नसलेल्यांपैकी ५७.१ टक्के. रेडिएशन तेच, औषध तेच. फरकाची कारणं अनेक आहेत, तंबाखू हे त्यातलं मोठं, पण ही निळी गर्दीही त्यात आहे.

मानेतल्या लिम्फ नोड्सबद्दल सांगायलाच हवं, कारण माझा निम्मा दिवस त्यांच्यात जातो. नेक डिसेक्शनचा, म्हणजे मानेतले नोड काढायच्या ऑपरेशनचा, नमुना म्हणजे चरबीचा गोळा. त्यात बोटांनी चाचपून एकेक नोड शोधायचा. मसुराएवढा असला तरी सोडायचा नाही. फुगलेला नोड म्हणजे कॅन्सर पसरला, असं लोक धरून चालतात. तोंडात एवढी मोठी जखम, किडलेले दात, मग नोड फुगणारच. त्यातले कितीतरी कापल्यावर नुसते कामाने सुजलेले निघतात. कधी एखाद्यात कॅन्सर नसतो आणि टीबीचे ग्रॅन्युलोमा (पेशींचे खास पुंजके) सापडतात, मग सर्जनला फोन करून सांगावं लागतं की आता दोन आजारांचे उपचार.

आपल्याकडे मान साफ करण्याचं महत्त्व टाटा मेमोरियलच्याच अभ्यासाने पक्कं केलं. अनिल डिक्रूझ यांच्या गटाने २०१५ साली दाखवलं की सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेत गाठ लागत नसली तरी तेव्हाच नोड काढले तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जगतात, वाट बघितली तर ६७.५ टक्के. जगभर पद्धत बदलली. त्यात शंका घ्यायला जागा नाही. पण टी पेशी कॅन्सरला ओळखायला शिकतात त्याच नोड्समध्ये. कॅलिफोर्नियातल्या यूसीएसएफमधल्या एका गटाने २०२३ साली डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांना ऑपरेशनच्या आधी पीडी-एल१ रोखणारं औषध दिलं आणि मग काढलेले नोड तपासले. कॅन्सर न पोचलेल्या नोड्समध्ये ताज्या दमाच्या टी पेशी औषधाने जाग्या झालेल्या दिसल्या. कॅन्सर पोचलेल्या नोड्समध्ये तो प्रतिसाद बिघडलेला होता. म्हणजे औषध जिथे काम सुरू करतं ती जागा आम्ही चरबीसकट बादलीत टाकतो, आणि त्यानंतर औषध सुरू करतो. रेडिएशनबरोबर अशी औषधं देऊन बघितली तेव्हा फायदा दिसला नाही. मानेवर पडणारे किरण हे त्याचं एक संभाव्य कारण मानतात.

क्रम उलटा करून बघणारा अभ्यास २०२५ साली आला. ७१४ रुग्ण, निम्म्यांना पीडी-१ रोखणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबचे दोन डोस ऑपरेशनच्या आधी आणि उरलेले डोस नंतर. तीन वर्षांनी आजार न उलटता किंवा न बळावता राहिलेले ५७.६ टक्के, नेहमीच्या उपचारांत ४६.४ टक्के. अमेरिकेत त्याला त्याच वर्षी जूनमध्ये मान्यताही मिळाली.

आणि मग पैसा. ब्रेक सोडवणारी ही औषधं पूर्ण डोसमध्ये घ्यायची तर महिन्याचा खर्च लाखांत जातो. एक-दोन महिने नाही, वर्ष-वर्ष. आपल्यासारख्या देशांत शंभरातल्या एक ते तीन रुग्णांनाच ती मिळतात. टाटा मेमोरियलच्या विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: एवढा डोस लागतो का? टी पेशींवरचे पीडी-१ अडवायला निव्होलुमॅब हे असंच दुसरं औषध फारच थोडं पुरतं, हे सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसलं होतं. त्यांनी तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम दिलं, नेहमीच्या डोसच्या दहा टक्क्यांहूनही कमी. सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडाने घ्यायच्या गोळ्या. बरं न होणाऱ्या टप्प्यातले १५१ रुग्ण. एक वर्षानंतर नुसत्या गोळ्यांवरचे १६.३ टक्के जिवंत होते, निव्होलुमॅब जोडलेले ४३.४ टक्के. 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त २०२३ साली हे आलं.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा तक्ता पुन्हा वर जाऊन वाचला. यात कमी डोस विरुद्ध पूर्ण डोस अशी थेट तुलना नाही, हे खरं. कंपन्या आणि काही परदेशी तज्ज्ञ त्यावर बोट ठेवतात. पण आमच्याकडच्या रुग्णापुढे कमी डोस की पूर्ण डोस असा पर्याय नसतोच. त्याच्यापुढे असतो कमी डोस किंवा काहीच नाही. ४० मिलिग्रॅमची कुपी दोन रुग्णांत वाटता यावी म्हणून दोघांना एकाच दिवशी बोलावतात, अशी व्यवस्था आता ऐकायला मिळते. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत भारतातल्या कॅन्सर संशोधनाने दिलेली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

औषध सगळ्यांना लागू पडतं, असं मात्र कोणी सांगू नये. आजार उलटलेल्या रुग्णांत नुसत्या निव्होलुमॅबने गाठ ठळक लहान होते ती साधारण सात-आठांत एकाची. आणि ब्रेक सुटलेल्या टी पेशी कधी थायरॉइडवर, कधी आतड्यावर, कधी फुप्फुसावर घसरतात. जुलाब लागले तर 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून घरी बसू नका, औषध देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

त्या सात-आठांतला एक कोण, हे आधी सांगायचं काम पुन्हा आमच्याकडेच येतं. चाचणीचं नाव सीपीएस. पीडी-एल१ची काच मायक्रोस्कोपखाली घ्यायची आणि रंगलेल्या पेशी मोजायच्या: कॅन्सरच्या, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज, तिन्ही. त्यांच्या बेरजेला कॅन्सरच्या सगळ्या जिवंत पेशींनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. लक्षात येतंय ना? वरच्या आकड्यात प्रतिकारपेशी आहेत. शेकड्याने सापडणारी ती बिनकामाची गर्दी इथे मोजली जाते, तिच्यावरून औषध ठरतं. सीपीएस २० किंवा जास्त असेल तर नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबचा फायदा चांगला दिसतो, १च्या खाली तो जवळजवळ संपतो.

ही मोजणी दिसते तेवढी सोपी नाही. मॅक्रोफेज कुठे संपतो आणि कॅन्सर पेशी कुठे सुरू होते यावर दोन पॅथॉलॉजिस्ट भांडू शकतात, आम्ही भांडतोही. मोजायला निदान शंभर जिवंत कॅन्सर पेशी हव्यात. हाडासोबतचा तुकडा आम्लात मऊ करून घेतला असेल तर त्यावर पीडी-एल१ भरवशाचं राहत नाही, म्हणून मऊ भागाचा एक वेगळा ब्लॉक आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो.

आता ऑपरेशनच्या आधीच औषध द्यायची चर्चा सुरू झाल्यापासून सीपीएसच्या मागण्या पहिल्या बायोप्सीवरच येऊ लागल्या आहेत. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, त्यात निम्मा मेलेला भाग आणि पू. डेंटिस्ट आणि ईएनटीवाल्या मित्रमैत्रिणींना म्हणून विनंती: जखमेच्या मधोमधचा पांढरा भाग घेऊ नका, कडेचा, जिथे निरोगी गाल संपून गाठ सुरू होते तिथला घ्या. दोन तुकडे घ्या. लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाका, सलाइनमध्ये पाठवू नका. आणि वणीच्या त्या मुलीसारख्या सगळ्यांना: दुसऱ्या हॉस्पिटलात जाताना नुसता रिपोर्ट आणि स्लाइड नेऊ नका, मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. ते तुमचे आहेत, लॅब देते, सही करून मिळतात. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढे ठेवू नका. नागपूरच्या मे महिन्यात मेण टिकत नाही.